अमेरिकेत सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर नक्की काय काम करते? इथे कुणी आहे का?

सायली_हडपसर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग होऊन चार वर्षं झाली, त्यातली तीन आयसीयूत गेली. कॉलेजात असताना सायकची (म्हणजे मनोरुग्ण विभागातली) पोस्टिंग मला मनापासून आवडली होती, पण तेव्हा कुणाला बोलले नाही. आता आयसीयूच्या नाइट करून करून जीव विटलाय. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, अमेरिकेत सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर असतात, त्या स्वतः औषधं लिहून देतात. खरं आहे का? तिथवर पोचायला किती वर्षं लागतात? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, रोज तेच ऐकून डोकं ठिकाणावर राहतं का?

घरी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते, काय करायचं ते कर, पण बायोडेटात "मनोरुग्ण" हा शब्द आला तर मी तो छापायला देणार नाही.

पन्हं

औषधं लिहून देतात म्हणजे डॉक्टरच झाल्या की. मग नर्स कशाला म्हणायचं?

कृष्णाकाठ

सायली, मी तेच काम करते. पेनसिल्व्हेनियात राहते, फिलाडेल्फियापासून तासाभरावर. मूळची सांगलीची. मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं २००२ ला, मग मुंबईत तीन वर्षं मेडिकल वॉर्ड. २००५ मध्ये अमेरिकेने नर्सेस वगैरेंसाठी ५०,००० जास्तीची ग्रीन कार्डं मोकळी केली, त्यात माझा नंबर लागला आणि २००६ च्या नोव्हेंबरात इथे उतरले. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर होता. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं त्याने बेकरीत पावाचे ट्रे ओढले, मग पुन्हा मशीन शॉपमध्ये लागला. हे अशासाठी सांगते की "अमेरिकेत सेटल" या दोन शब्दांत ते ट्रे येत नाहीत.

आधी पन्हं यांचा प्रश्न. डॉक्टर नाही. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकार इथे १९६५ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाला. लोरेटा फोर्ड नावाच्या पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून. गावोगावी डॉक्टर पुरत नव्हते आणि नर्सला बरंच काही येत होतं, एवढी साधी गोष्ट. आज मी पेशंट तपासते, निदान करते, औषध सुरू करते, बदलते, बंद करते. पण पेनसिल्व्हेनियात मला एका डॉक्टरबरोबर लेखी करार ठेवावा लागतो. काही राज्यांत तो लागत नाही. लहान मुलांच्या एडीएचडीला (अतिचंचलपणाला) देतात तसल्या, कडक नियंत्रणातल्या गोळ्या मी एका वेळी ३० दिवसांच्याच लिहू शकते.

सायली, सायक कसं निवडलं असं सगळे विचारतात आणि त्यांना घरातला कुणी काका, कुणी आत्या असेल असं वाटतं. तसलं काही नाही. २००९ मध्ये माझ्या हॉस्पिटलच्या सायक युनिटला रात्रीची माणसं मिळत नव्हती आणि रात्रपाळीला तासाला जास्त डॉलर होते. मुलगी वर्षाची होती. दिवसा मी घरी, रात्री नवरा. पाळणाघराचे पैसे वाचले.

पहिल्याच आठवड्यात हँडओव्हरला चार्ज नर्स म्हणाली, "सात नंबरच्या खोलीत एक तीनशे दोन आहे." माझ्या पोटात गोळा. तीनशे दोन म्हणजे खून, हे आपल्याला कुठं वेगळं शिकावं लागतं? मी दाराला पाठ लावून, एक पाय बाहेर ठेवूनच आत गेले. विशी-बाविशीचं पोर, पलंगाच्या कडेला अनवाणी बसलेलं. मला म्हणालं, मोजे मिळतील का, फरशी गार आहे. रबराचे ठिपके असलेले मोजे मिळतात तिकडे, पाय घसरू नये म्हणून. ते आणून दिले. मग कळलं की इथल्या १९७६ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं ते कलम आहे. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, तर त्याच्या मर्जीविरुद्ध १२० तासांपर्यंत ठेवून घेता येतं, आणि तो निर्णय तपासून डॉक्टरनेच द्यावा लागतो. आपण होऊन सही करून आला तर तो "दोनशे एक". ती रात्र मी हातात पाटी घेऊन दर १५ मिनिटांनी खोल्यांत डोकावत होते, कोण जागं, कोण झोपलं, कोण श्वास घेतंय. ते पोर पहाटेपर्यंत मोज्यांवरचे ठिपके मोजत होतं. चौथ्या फेरीला मी विचारलं, किती झाले? म्हणाला, डाव्यात दोन कमी आहेत. हसला. आठवड्यातलं त्याचं पहिलं हसू होतं म्हणे.

शिक्षणाचं सांगते. तुझं बीएस्सी आहे, म्हणजे माझ्यापेक्षा एक पायरी वर आहेस. मला इथे येऊन आधी बीएसएन (इथली नर्सिंगची पदवी) पुरं करावं लागलं, ते २०१२ मध्ये. मग मास्टर्स, नोकरी सांभाळून चार वर्षं. त्यात माझ्या वेळी किमान ५०० तास कुणाच्या तरी हाताखाली पेशंट बघायचे होते. माझ्या कॉलेजने सांगितलं, हाताखाली घेणारं माणूस तुम्हीच शोधा. फी मात्र त्यांनी पूर्ण घेतली. मी ६० च्या वर ठिकाणी फोन केले. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी होकार दिला, तोही मी हळदीचं दूध कसं करतात ते समजावून सांगितल्यावर. (अतिशयोक्ती नाही.) मग सर्टिफिकेशनची परीक्षा. ते दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं.

आणि आता कटू भाग. माझ्या वेळची वाट आता तशी उघडी नाही. भारतात जन्मलेल्यांची नर्सेसच्या ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांच्या वर गेली आहे. साध्या नर्सला एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) बहुधा मिळत नाही. नर्स प्रॅक्टिशनरला मिळू शकतो, पण त्यासाठी शिक्षण आधी इथलं लागतं. एजंट काहीही सांगेल. पगार विचारशील म्हणून: इथल्या कामगार खात्याच्या २०२३ च्या आकड्यांत सगळ्या प्रकारच्या नर्स प्रॅक्टिशनरचा मधला पगार वर्षाला १ लाख २६ हजार डॉलरच्या आसपास आहे. माझं शैक्षणिक कर्ज अजून चालू आहे.

पन्हं

तीनशे दोन वाचून चहा नाकात गेला. ताई, २०२४ च्या जुलैपासून आपल्याकडेही ३०२ गेलं, खुनाला आता १०३ आहे. तुमचं पोरगं निर्दोष सुटलं म्हणायचं.

एमडी_मेडिसिन

लेखन छान आहे, पण एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. मनोविकाराची औषधं खेळणं नव्हेत. लिथियम, क्लोझापिन यांसारखी औषधं दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमावर लिहायला देणं मला धोक्याचं वाटतं. मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तपेशी, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. आपल्या अनुभवात चूक झालीच नाही का?

कृष्णाकाठ

झाली, सर. लिथियमचीच झाली. सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे फिरवलेत.

साठी ओलांडलेला एक गृहस्थ, जन्मभर ट्रक चालवलेला. वीस वर्षं लिथियमवर, रक्तातली पातळी दर वेळी ०.८, घड्याळासारखी. बायपोलरचा (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं तो आजार) असा पेशंट मिळणं म्हणजे सणच. एके दिवशी क्लिनिकला त्याच्या बायकोचा फोन आला, हात थरथरतात म्हणे. निरोप माझ्याकडे आला. लिथियमवरच्या माणसाचा हात थोडा थरथरतोच, त्याचा तर वीस वर्षं थरथरत होता. मी लिहिलं, "पुढच्या भेटीत बघू." पुढची भेट आठ दिवसांनी होती.

तो आला. मी नेहमीसारखं विचारलं, दुसरी काही औषधं चालू? म्हणाला, नाही. कागदावर सही करायला पेन दिलं आणि त्याची सही कागद सोडून टेबलावर गेली. मग लक्ष गेलं, कॉफीचा कागदी कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता, आपण तीर्थाला ओंजळ धरतो तसा. बोलणं जड. दोन दिवस जुलाब. मी त्याला तिथूनच इमर्जन्सीत पाठवलं. पातळी १.९ आली, नेहमीच्या दुपटीच्या वर. कारण? गुडघा दुखत होता म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. त्या गोळीने मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं, हे मला परीक्षेत पाठ होतं. माणसाने खरंच उत्तर दिलं होतं. त्याच्या लेखी दुकानातून आणलेली गोळी "औषध" नव्हतीच. आपल्याकडे नाही का, "गोळ्या काही नाहीत हो, फक्त शुगरची एक आणि बीपीची अर्धी" असं सांगतात?

लिथियम थांबवलं, सलाइन चढवलं, चार दिवसांत घरी गेला. बचावला. पण तो फोन आला त्याच दिवशी मी उलट फोन करून एक प्रश्न विचारला असता, तर तो इमर्जन्सीत पोचलाच नसता. माझ्या कराराच्या डॉक्टरांनी मला ओरडण्याऐवजी विचारलं, आता काय वेगळं करशील? तेव्हापासून मी "दुसरी औषधं" हे शब्दच वापरत नाही. विचारते: गुडघा दुखला तर काय घेता? डोकं दुखलं तर? झोप नाही आली तर? पिशवी घेऊन या, सगळे डबे त्यात टाका, च्यवनप्राशसुद्धा. आणि कुणाचाही हात थरथरला असा निरोप आला, तर त्याच दिवशी फोन.

तेव्हा सर, धोका आहे हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त तो अभ्यासक्रमाच्या वर्षांत होता असं मला वाटत नाही. माहिती मला होती. मी घाईत होते.

वॉर्डसिस्टर

मी महाराष्ट्रातल्या सरकारी मनोरुग्णालयात बावीस वर्षं आहे. अमेरिकेचं वाचून बरं वाटलं, पण सायली, इथलंही ऐक.

आपल्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालयं पूर्वापार चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. सायक नर्सला औषध लिहायचा अधिकार इथे नाही. नर्सिंग कौन्सिलने नर्स प्रॅक्टिशनर सुरू केलं ते क्रिटिकल केअरमध्ये, म्हणजे तुझ्या आयसीयूच्याच बाजूला. सायकमध्ये जायचं तर एमएस्सी मानसोपचार नर्सिंग किंवा एक वर्षाचा डिप्लोमा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेला नाव आहे त्यासाठी. शिवाय १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्याच्या टीममध्ये सायकियाट्रिक नर्सचं पद असतं. पुष्कळदा कंत्राटी, पगार सांगण्यासारखा नाही, पण गावोगाव फिरायला मिळतं.

आणि काम बदललंय. २०१७ च्या कायद्याने भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत, साखळीने बांधता येत नाही. तुमच्या तीनशे दोनसारखं आमचं कलम ८९, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटच्या वतीने ठरवणाऱ्या माणसाच्या) अर्जावर ३० दिवसांपर्यंत ठेवून घेता येतं. मी लागले तेव्हा "वॉर्ड शांत आहे ना" एवढंच विचारायचे. आता फाइल किती भरली ते विचारतात. दोन्हींत पेशंट कुठे असतो ते तूच बघ येऊन.

कृष्णाकाठ

वॉर्डसिस्टर, तुम्ही रत्नागिरीचं नाव घेतलंत. माझी सायकची पोस्टिंग तिथेच होती, महिनाभर. मिरजेहून आंबा घाटातून एसटीने गेलो होतो, अर्ध्या मुली घाटात ओकल्या. स्त्रियांच्या वॉर्डात एक आजी होत्या. रोज दुपारी विचारायच्या, "गाडी किती वाजता हाय गं?" आम्ही पोरी तोंड दाबून हसायचो. इन्चार्ज सिस्टर मात्र रोज त्याच सुरात सांगायच्या, "साडेचारला आहे. तोवर चहा घ्या." मला वाटलं, पुस्तकात तर लिहिलंय की पेशंटच्या भ्रमाला दुजोरा देऊ नये. सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "खोटं कुठं बोलले? साडेचारला गाडी असतेच की स्टँडवर." आजी चहा घ्यायच्या, आणि साडेचारला निमूट जेवणाच्या ताटल्या पुसायला बसायच्या.

इथे मास्टर्सला हिल्डगार्ड पेपलाव या अमेरिकी नर्सबाईंचे विचार शिकले, तेव्हा त्या सिस्टर आठवल्या. पेपलाव १९०९ मध्ये रेडिंगला जन्मल्या, ते गाव माझ्या घरापासून फार लांब नाही. १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात त्यांनी सायक नर्सिंगचं उच्च शिक्षण सुरू केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं हत्यार, नर्स नुसती औषधाची ट्रे पोचवणारी नव्हे. हे मी परीक्षेत चार पानं लिहिलं. रत्नागिरीच्या सिस्टरनी ते एका चहात उरकलं होतं.

सायली, तुझा डोकं ठिकाणावर राहण्याचा प्रश्न राहिलाच. नेहमी राहत नाही. नव्या पेशंटला मला तास मिळतो, जुन्याला वीस-पंचवीस मिनिटं. त्यातली पाच इन्शुरन्स कंपनी खाते. जी गोळी माणसाला तीन वर्षं लागू पडली आहे, ती त्याला का हवी हे दरवर्षी नव्याने फॅक्स करून पटवायचं. पेशंटच्या दुःखाने मी तितकी थकत नाही, या फॅक्सने थकते.

आणि ज्याबद्दल इथे माझ्या नावाने बोलत नाही ते: २०२१ च्या एप्रिलमध्ये आई कोविडने गेली. विमानं, व्हिसे, सगळं अडकलेलं. भावाने फोन उभा धरला होता, मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. जूनपर्यंत मी माझ्या पेशंटना जे प्रश्न विचारते त्या सगळ्यांना माझं उत्तर "हो" झालं होतं. पहाटे तीनला जाग, भाताची चव नाही, गाडीत बसून रडणं. तरी मला कळलं नाही. नवऱ्याला कळलं. तो म्हणाला, "तू कुकर लावतेस आणि शिट्ट्या मोजत नाहीस." मी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरकडे गेले, दीड वर्ष गोळी घेतली. आता बंद आहे. क्लिनिकमध्ये एकीलाच सांगितलंय.

तेव्हापासून आपल्याकडच्या बायका आल्या की "उदास वाटतं का" असं मी विचारतच नाही. विशेषतः सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेल्या आया, सासवा. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, टीव्हीवर ओळखीचं कुणी नाही. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे बसत नाही, म्हणून त्या शेवटी शेवटी येतात. त्या म्हणतात, डोकं जड होतंय, छातीत धडधडतंय. मी विचारते, काल स्वतःसाठी काय केलंत जेवायला? एक काकू पाच मिनिटं विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, "मुलांच्या डब्यातलं उरतं ना."

एमडी_मेडिसिन

लिथियमचा प्रसंग मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. आमच्या ओपीडीतही गुडघ्याच्या गोळ्यांचं असंच होतं, मी सोमवारी माझ्या रेसिडेंटना हे वाचून दाखवणार आहे. अधिकाराबद्दलचं माझं मत मात्र अजून तेच आहे.

कृष्णाकाठ

असू द्या, सर. च्यवनप्राशचंही सांगा त्यांना.

सायली_हडपसर

ताई, वॉर्डसिस्टर, दोघींचे खूप आभार. रात्री ड्युटीवर वाचलं, दोनदा वाचलं. अमेरिकेचं तूर्त बाजूला ठेवते. डिप्लोमाची माहिती काढते आणि जिल्ह्याच्या टीममधल्या एका सिस्टरचा नंबर मिळालाय, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन बघणार आहे. एकच विचारायचंय. तुमच्या आई लोकांना काय सांगायच्या, तुम्ही काय काम करता म्हणून? माझ्या आईला तेच सांगेन म्हणते.

कृष्णाकाठ

आमची आई गल्लीत सांगायची, "आमची बेबी तिकडं लोकांच्या झोपेचं बघते." एकदा शेजारच्या मावशींनी माझ्याकडून गादी कुठली चांगली ते विचारून घेतलं होतं.

बायोडेटात "मानसोपचार परिचर्या" असं लिही. आईला छापायला हरकत वाटणार नाही, आणि निम्म्या लोकांना अर्थ कळणार नाही. ज्याला कळेल आणि तरी बघायला येईल, त्याला पोहे जास्त वाढ. निघते आता, पहिला पेशंट सव्वाआठला आहे आणि गाडीच्या काचेवर बर्फ आहे.